खाणीतून आलेला माणूस : बिल शँक्ली

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी चरित्र लिहायचे म्हटले की राजे, संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ यांची नावे चटकन पुढे येतात आणि ते योग्यही आहे. मी मात्र येथे ज्या माणसाविषयी लिहिणार आहे त्याने ना राज्य केले, ना ग्रंथ रचले. शिक्षण म्हणाल तर चौदाव्या वर्षीच त्याची शाळा सुटली. तो इंग्लंडमधील एका फुटबॉल संघाचा व्यवस्थापक होता. त्याचे नाव बिल शँक्ली. १९८१ साली त्याचे निधन झाले; पण लिव्हरपूल या बंदराच्या शहरात आजही त्याचे नाव घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे घ्यावे तसे घेतले जाते.

शँक्लींच्या नावावर अनेक चटकदार वाक्ये सांगितली जातात. फुटबॉलवर चार ओळी लिहायला बसलेला माणूस त्यांतले एखादे उचलतोच. मी ती वाक्ये येथे देणार नाही. त्यांचे काम नीट पाहिले तर वाक्यांची गरज उरत नाही, असे मला वाटते. त्यातही १९७३ सालचा एक अंतिम सामना मला त्यांच्या आयुष्याचा मध्यबिंदू वाटतो. तो एका दिवशी संपला नाही. दोन देशांतल्या दोन गावांत, तेरा दिवसांच्या अंतराने तो खेळला गेला आणि दुसऱ्या गावात हरूनही शँक्लींचाच संघ विजयी ठरला. हे कसे घडले ते सांगण्याआधी हा माणूस कोठून आला ते सांगितले पाहिजे.

स्कॉटलंडच्या एअरशर परगण्यात ग्लेनबक नावाचे एक लहानसे खेडे होते. २ सप्टेंबर १९१३ रोजी तेथे बिलचा जन्म झाला. घरात पाच भाऊ आणि पाच बहिणी. त्यांत बिल नववा. वडील आधी टपाल वाटत, पुढे शिंपीकाम करू लागले. गाव कोळशाच्या खाणींवर जगणारे. खाणकामगारांच्या घरांच्या रांगा, मागे उघडे माळ आणि वर्षाचा बराचसा काळ थंडी. करमणूक म्हणजे फुटबॉल. गावाच्या संघाचे नाव चेरीपिकर्स असे होते. वस्ती थोडी, तरी या एका खेड्याने सुमारे पन्नास व्यावसायिक खेळाडू दिले. शँक्लींच्या घरातले तर पाचही भाऊ व्यावसायिक फुटबॉल खेळले. त्यांतले बॉब शँक्ली पुढे डंडी या संघाचे व्यवस्थापक झाले आणि १९६२ साली त्यांनी त्या संघाला स्कॉटलंडचे अजिंक्यपद मिळवून दिले. आईचे दोन भाऊही नावाजलेले खेळाडू होते. म्हणजे फुटबॉल त्या घरात पिढीजात होता. खाणीच्या गावातील पोराला अंधारातून वर येण्याची तेवढी एकच वाट उघडी होती, हेही खरे.

१९२८ साली शाळा सोडून बिल खाणीवर कामाला लागला. आधी वरच्या बाजूला, कोळशाने भरलेल्या गाड्या रिकाम्या करण्याचे आणि दगड निवडून काढण्याचे काम. काही महिन्यांनी तो खाली उतरला. अंगावर बसलेली काजळी कामावर धुण्याची सोय नव्हती. घरी येऊन टबात बसून अंग घासायचे आणि तरीही आपण कधी पुरते स्वच्छ झालो असे वाटायचे नाही. दोनेक वर्षांनी ती खाण बंद पडली आणि बिल बेकार झाला.

हे वाचताना मला परके असे काहीच वाटले नाही. मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका खाणीच्या वसाहतीत वाढले. माझे बाबा कोळशाच्या खाणीत काम करतात. तिन्ही पाळ्या करतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा कामाविषयी फारसे बोलत नाहीत, पण एक गोष्ट त्यांच्याकडून मी लहानपणापासून ऐकत आले आहे. खाली उतरल्यावर कोणी एकटा नसतो. एकाने छताला नीट आधार दिला तरच दुसऱ्याने पुढे पाऊल टाकायचे. शेजारच्याचा आळस आपल्या डोक्यावर कोसळतो आणि आपला आळस शेजारच्याच्या. शँक्लींनी पुढे फुटबॉलमध्ये जे काही केले त्याचे मूळ मला या एका गोष्टीत दिसते. ते स्वतःला समाजवादी म्हणवत असत. पण तो समाजवाद पुस्तकातून आलेला नव्हता. सर्वांनी एकमेकांसाठी राबायचे आणि शेवटी जे मिळेल त्यात सर्वांचा वाटा, एवढाच त्याचा अर्थ होता. स्कॉटलंडच्या त्याच भागातील खाणींतून मॅट बझ्बी आणि जॉक स्टीन हेही आले. स्टीन यांच्या सेल्टिकने १९६७ साली आणि बझ्बी यांच्या मँचेस्टर युनायटेडने १९६८ साली युरोपियन चषक जिंकला. तीन खाणकामगार आणि तीन मोठे संघ. हा निव्वळ योगायोग म्हणवत नाही.

१९३२ साली बिलला कार्लाइल युनायटेड या इंग्लंडमधील लहान संघात जागा मिळाली. वर्षभरात, १९३३ मध्ये, प्रेस्टन नॉर्थ एंड या संघाने त्याला ५०० पौंडांना घेतले. तेथे त्याची कारकीर्द फुलली. मैदानाच्या मध्यभागी खेळणारा, दमछाक ठाऊक नसलेला खेळाडू अशी त्याची ख्याती झाली. १९३७ साली प्रेस्टनचा संघ एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात संडरलंडकडून ३-१ असा हरला. पुढच्याच वर्षी तोच संघ पुन्हा वेंब्लीच्या मैदानावर उतरला आणि जादा वेळेच्या अखेरच्या मिनिटाला मिळालेल्या पेनल्टीवर हडर्सफील्डला १-० असे हरवून चषक घेऊन गेला. त्या वर्षी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघातही बिलची निवड झाली. आता चांगले दिवस आले असे वाटते न वाटते तोच दुसरे महायुद्ध सुरू झाले. खेळाडूच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे युद्धात गेली. शँक्ली हवाई दलात होते. १९४४ साली नेसी यांच्याशी त्यांचा विवाह झाला; पुढे त्यांना दोन मुली झाल्या. युद्ध संपले तेव्हा त्यांचे वय बत्तिशीच्या घरात होते. १९४९ साली त्यांनी बूट काढून ठेवले आणि ज्या कार्लाइलमध्ये सुरुवात केली होती तेथेच व्यवस्थापक म्हणून रुजू झाले.

यानंतरची दहा वर्षे चरित्रकार सहसा घाईने ओलांडतात. कार्लाइल, ग्रिम्स्बी, वर्किंग्टन, हडर्सफील्ड, असे एकामागून एक चार संघ त्यांनी सांभाळले. कोठे पैशांची चणचण, कोठे संचालकांना महत्त्वाकांक्षाच नाही. चांगला खेळाडू घडवावा आणि तो विकला जावा, हे दुःख त्यांनी वारंवार सोसले. मला ही दहा वर्षे महत्त्वाची वाटतात. ज्याला मोठे काम करायचे आहे त्याला आधी लहान जागी, कोणी पाहत नसताना, तेच काम तितक्याच मनापासून करावे लागते. हडर्सफील्डला असताना त्यांनी डेनिस लॉ या सोळा वर्षांच्या अंगाने किडकिडीत मुलाला पहिल्या संघात खेळवले. हाच लॉ पुढे युरोपातील अव्वल खेळाडूंत गणला गेला.

डिसेंबर १९५९ मध्ये शँक्ली लिव्हरपूलला आले. आज लिव्हरपूल हे नाव जगभर ठाऊक आहे. तेव्हा तो संघ दुसऱ्या श्रेणीत रखडत होता. त्याच वर्षी जानेवारीत वूस्टर सिटी या लीगबाहेरच्या संघाने त्याला चषक स्पर्धेतून बाहेर काढले होते. ॲनफील्ड हे घरचे मैदान जुनाट झाले होते. हिरवळीला पाणी घालण्याचीही धड सोय नव्हती. मेलवुड येथील सरावाच्या जागेवर गवत आणि झुडपे माजली होती. नवा मॅनेजर आला की जुनी माणसे काढायची, असा रिवाज असताना शँक्लींनी जुन्या प्रशिक्षकांना बोलावून सांगितले की कोणाचीही नोकरी जाणार नाही, पण निष्ठा मात्र पुरी हवी. बॉब पेझली, जो फेगन, रूबेन बेनेट ही ती माणसे. पेझली हेही खाणकामगाराचे पुत्र. बूट ठेवण्याच्या एका लहानशा खोलीत बसून ही मंडळी संघाचा विचार करीत. पुढे ही खोलीच इंग्लिश फुटबॉलच्या इतिहासात प्रसिद्ध झाली.

सरावाची पद्धत त्यांनी बदलली. रस्त्यावरून मैलोन्मैल धावण्यापेक्षा चेंडू घेऊन खेळा. पाच-पाच जणांचे छोटे सामने खेळा. चेंडू मिळाला की जवळच्याला द्या आणि लगेच मोकळ्या जागेत सरका. एवढेच सूत्र, पण ते रोज. सर्वांनी ॲनफील्डवर कपडे बदलायचे, एकाच बसने मेलवुडला जायचे, एकत्रच परत यायचे. खाणीवर पाळीला जाणारी माणसे जशी एकत्र जातात आणि एकत्र येतात, तसेच हे. १९६१ साली त्यांनी संचालकांच्या मागे लागून इयन सेंट जॉन आणि रॉन येट्स हे दोन स्कॉटिश खेळाडू आणवले. १९६२ साली संघ पहिल्या श्रेणीत गेला. १९६४ साली लीगचे अजिंक्यपद, १९६५ साली संघाच्या इतिहासातील पहिला एफ. ए. चषक, १९६६ साली पुन्हा लीग. त्या १९६५-६६ च्या संपूर्ण हंगामात त्यांनी अवघे चौदा खेळाडू वापरले. लाल सदरा आणि पांढरी चड्डी हा वेष बदलून नखशिखान्त लाल वेष आणला तोही त्यांनीच, १९६४ मध्ये.

आता युरोपकडे वळू. निरनिराळ्या देशांतील संघांच्या या स्पर्धांत एक पद्धत असते. दोन संघ एकदाच भेटत नाहीत; एक सामना एकाच्या घरी, दुसरा दुसऱ्याच्या घरी होतो आणि दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करून निकाल लागतो. बेरीज सारखी झाली तर परक्या मैदानावर ज्याने जास्त गोल केले तो पुढे, असा त्या काळी नियम होता. कबड्डीच्या किंवा क्रिकेटच्या अंतिम सामन्याची सवय असलेल्या आपल्याला हे जरा विचित्र वाटेल. पण यात एक मोठी शिकवण दडलेली आहे, आणि शँक्लींनी ती ठेच लागूनच घेतली.

१९६५ साली युरोपियन चषकाच्या उपान्त्य फेरीत त्यांच्या संघाने ॲनफील्डवर इंटर मिलानला ३-१ असे हरवले. सारे शहर बेभान झाले. परंतु आठ दिवसांनी मिलानमध्ये संघ ०-३ असा हरला आणि ३-४ या बेरजेने बाहेर पडला. त्यांतले दोन गोल नियमाला धरून नव्हते, अशी लिव्हरपूलची तक्रार होती. पण निकाल बदलला नाही. घरच्या मैदानावर स्वीकारलेला तो एक गोल त्या रात्री कोणाला खुपला नव्हता. मिलानच्या परतीच्या सामन्यानंतर त्याचे मोल कळले. १९६६ साली कप विजेत्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना ग्लासगोत झाला. तेथेही बोरुसिया डॉर्टमुंडने जादा वेळेत २-१ असे हरवले. युरोपातला चषक काही हाती येईना.

याच सुमारास पहिला संघ वयाने थकू लागला. शँक्लींना आपल्या खेळाडूंचा फार लळा होता, आणि जुन्या खेळाडूंना निरोप देणे त्यांनी लांबवले. फेब्रुवारी १९७० मध्ये वॉटफर्ड या दुसऱ्या श्रेणीच्या संघाकडून चषकात हार झाली तेव्हा मात्र त्यांनी मन घट्ट केले. नवा संघ उभा राहिला. गोलरक्षक रे क्लेमन्स, उंचापुरा आघाडीपटू जॉन टोशॅक, महाविद्यालयीन शिक्षण घेतलेले स्टीव्ह हायवे आणि ब्रायन हॉल, आणि १९७१ साली स्कंथॉर्प या लहान संघातून आणलेला केव्हिन कीगन. कीगनचे वडील खाणकामगार होते. या नव्या संघाने १९७३ साली लीग जिंकली आणि त्याच हंगामात यूएफा चषकाची अंतिम फेरी गाठली. वाटेत उपान्त्य फेरीत टॉटनहॅमशी दोन सामन्यांची बेरीज २-२ झाली होती. हायवेने टॉटनहॅमच्या मैदानावर केलेल्या एका गोलामुळे लिव्हरपूल पुढे गेले.

अंतिम फेरीत गाठ पडली ती पश्चिम जर्मनीच्या बोरुसिया मोन्शनग्लाडबाख या संघाशी. गुंटर नेट्झर, युप हाइन्केस, बर्टी फोग्ट्स असे नामांकित खेळाडू त्या संघात होते. पहिला सामना ९ मे १९७३ रोजी ॲनफील्डवर ठेवला होता. सामना सुरू झाला आणि पाऊस असा कोसळला की मैदानाचे तळे झाले. चेंडू जागच्या जागी थांबू लागला. २७ मिनिटांनंतर पंचांनी सामना रद्द केला आणि दुसऱ्या दिवशी तो पहिल्यापासून खेळवायचे ठरले. प्रेक्षक चिंब भिजून, हिरमुसून घरी गेले. पण त्या २७ मिनिटांत शँक्लींनी एक गोष्ट हेरली होती. जर्मन संघाची बचावफळी जमिनीवरून येणाऱ्या चेंडूला भारी होती, पण उंचावरून येणाऱ्या चेंडूसमोर ती गोंधळत होती. पहिल्या दिवशी टोशॅक संघात नव्हता. दुसऱ्या दिवशी ब्रायन हॉलला बसवून त्यांनी टोशॅकला उतरवले.

१० मेच्या रात्री टोशॅकने डोक्याने खाली दिलेल्या चेंडूंवर कीगनने पूर्वार्धातच दोन गोल केले. कीगनची एक पेनल्टी जर्मन गोलरक्षकाने अडवली. उत्तरार्धात लॅरी लॉइड या बचावपटूने डोक्याने तिसरा गोल केला. ३-०! थोड्या वेळाने जर्मन संघाला पेनल्टी मिळाली. हाइन्केससारखा नेमबाज समोर उभा होता, आणि क्लेमन्सने तो चेंडू झेप घेऊन अडवला. त्या रात्री या गोष्टीची कोणी फारशी दखल घेतली असेल का? तीन गोलांनी पुढे असताना एक पेनल्टी अडली काय आणि न अडली काय, असेच बहुतेकांना वाटले असेल.

२३ मे रोजी मोन्शनग्लाडबाखला परतीचा सामना झाला. यजमान संघ असा तुटून पडला की लिव्हरपूलला चेंडू नीट मिळेना. २९ व्या मिनिटाला हाइन्केसचा गोल. ४० व्या मिनिटाला पुन्हा हाइन्केसचाच. मध्यंतराला बेरीज ३-२. आणखी एक गोल झाला असता तर बरोबरी होऊन सामना जादा वेळेत गेला असता. उत्तरार्धात लाल सदऱ्यांतील अकरा माणसांनी आपल्या गोलपुढे अक्षरशः भिंत उभी केली. जर्मन खेळाडू पूर्वार्धातल्या धावपळीने हळूहळू थकले. शिट्टी वाजली तेव्हा फलकावर ०-२ असा पराभव होता आणि शँक्लींच्या हाती त्यांचा पहिला युरोपीय चषक होता. एकाच हंगामात लीग आणि युरोपीय चषक मिळवणारा हा पहिला इंग्लिश संघ.

आता जरा हिशोब करून पाहा. ॲनफील्डवर क्लेमन्सने ती पेनल्टी अडवली नसती तर पहिला सामना ३-१ झाला असता. परतीच्या सामन्यात ०-२. बेरीज ३-३, आणि परक्या मैदानावरच्या गोलामुळे चषक जर्मनीतच राहिला असता. म्हणजे ज्या झेपेकडे १० मेच्या रात्री कोणी वळून पाहिले नसेल, तिनेच २३ मेला चषक मिळवून दिला. दोन सामन्यांच्या अंतिम फेरीचे हेच वैशिष्ट्य आहे. येथे एका रात्रीचा पराक्रम पुरत नाही आणि एका रात्रीचा पराभव शेवटचा ठरत नाही. सुखाच्या दिवशी जो सावध राहतो त्याला दुःखाच्या दिवशी तेवढाच आधार मिळतो. मिलानला स्वीकारू दिलेला एक गोल आणि मोन्शनग्लाडबाखला नाकारलेला एक गोल, या दोहोंच्या मध्ये शँक्लींची आठ वर्षे आहेत.

शँक्लींचे मोठेपण केवळ चषकांत नव्हते. ते लिव्हरपूलमधल्या एका साध्या घरात राहत. चाहत्यांची पत्रे आली की स्वतः टंकयंत्रावर उत्तरे लिहीत. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटलंडच्या शेतकरी कवीवर त्यांचे प्रेम होते. १९७३ च्या एप्रिलमध्ये लीगचा चषक प्रेक्षकांना दाखवीत मैदानाभोवती फिरताना कोणीतरी त्यांच्याकडे संघाचा गळपट्टा फेकला. तेथील एका पोलिसाने तो बाजूला भिरकावला. शँक्लींनी तो उचलला, स्वतःच्या गळ्यात घातला आणि त्या पोलिसाला समज दिली. त्यांच्या दृष्टीने ते कापड नव्हते. कोणा कामगाराच्या पोराची मिळकत होती.

मे १९७४ मध्ये संघाने न्यूकॅसलला ३-० असे हरवून पुन्हा एफ. ए. चषक जिंकला. आणि १२ जुलै १९७४ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, शँक्लींनी निवृत्ती जाहीर केली. शहराचा विश्वास बसेना. संचालकांनी मनधरणी केली, पण ते ठाम राहिले. थकवा आला होता, कुटुंबाला वेळ द्यायचा होता. त्यांच्या जागी बॉब पेझली आले.

यापुढचा भाग लिहिताना मन जड होते. काही दिवसांतच शँक्लींना कळून चुकले की आपल्याला काम सोडवत नाही. सकाळ झाली की ते मेलवुडला जात, सराव करीत. खेळाडू सवयीने त्यांनाच साहेब म्हणत आणि पेझली बाजूला राहत. नव्या व्यवस्थापकाची ही अडचण खरी होती. हळूहळू त्यांनी न येणे बरे, असे सुचवले गेले. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी आपली खंत लपवली नाही. ज्या घराच्या भिंती आपण उभ्या केल्या त्या घरात आपण पाहुणे झालो, ही ती खंत. दोष कोणाचा, हे ठरवणे अवघड आहे. संघाने त्यांना सन्मानाची एखादी जागा द्यायला हवी होती असे म्हणावे, तर पेझलींना मोकळीक कशी मिळाली असती?

आमच्या वसाहतीत निवृत्त झालेले एक काका आहेत. पहाटे पाचला, पहिल्या पाळीच्या भोंग्याला, ते आजही उठतात, स्वेटर चढवतात आणि फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसतात. पाळीला जाणाऱ्यांना नावाने हाक मारतात. सगळे आत गेले की थोडा वेळ फाटकाकडे पाहून घरी परततात. पूर्वी मला त्यांचे हसू यायचे. शँक्लींचे चरित्र वाचल्यापासून येत नाही. माझ्या बाबांच्या निवृत्तीलाही आता चारच वर्षे उरली आहेत. ज्याने आयुष्यभर काम हेच आपले घर मानले, त्याने काम संपल्यावर जायचे कोठे? जगातील थोर व्यवस्थापकालाही या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही. ते आपण, म्हणजे त्यांच्या पुढच्या पिढीने शोधायचे आहे.

२९ सप्टेंबर १९८१ रोजी हृदयविकाराने लिव्हरपूलच्या रुग्णालयात शँक्लींचे निधन झाले. त्यांचे वय अडुसष्ट होते. त्यांची रक्षा ॲनफील्डच्या हिरवळीवर, जेथे सर्वसामान्य चाहते उभे राहत त्या कॉप नावाच्या सज्जासमोर विखुरण्यात आली. १९८२ साली मैदानाला त्यांच्या नावाचे प्रवेशद्वार बांधले गेले. १९९७ साली पुतळाही उभा राहिला.

त्यांच्या मागे पेझलींनी तोच संघ आणि तीच पद्धत पुढे नेली. १९७६ साली दोन सामन्यांच्या अंतिम फेरीत ब्रूजला हरवून पुन्हा यूएफा चषक आला. १९७७ साली रोममध्ये युरोपियन चषक आला, आणि योगायोग असा की त्या अंतिम सामन्यातही समोर मोन्शनग्लाडबाखच होता. ३-१ ने जिंकलेल्या त्या संघात क्लेमन्स, हायवे, कीगन हे शँक्लींनीच आणलेले खेळाडू होते. १९७८ आणि १९८१ सालीही तोच चषक लिव्हरपूलला गेला. १९७३ चा सामना शँक्लींचा पहिला सामना समजला, तर हे सारे परतीचे सामने पेझलींनी खेळले. निकाल मात्र दोघांच्या बेरजेचा आहे. ही गोष्ट घराघरांतही खरी असते. मी आज वर्गात बसून इंग्रजी वाङ्मयाच्या टिपणांत डोके घालते तेव्हा माझ्या खात्यावर आधीच काहीतरी जमा असते. ते मी मिळवलेले नाही. कोणीतरी अंधारात राबून, गाजावाजा न करता राखून ठेवलेले आहे.

यूएफा चषकाचा अंतिम सामना दोन गावांत खेळण्याची प्रथा १९९७ नंतर बंद झाली. आता एकाच रात्री निकाल लागतो. ग्लेनबकही उरले नाही. खाणी संपल्या, माणसे पोटामागे दुसरीकडे गेली आणि मागाहून उघड्या खाणीने जमीनही पोखरली. त्या ठिकाणी आता शँक्लींचे स्मारक आहे. दूरदूरहून लोक तेथे येतात आणि लाल गळपट्टे ठेवून जातात.